मोनोलिथ व्हिगेलंडचा की त्या तीन पाथरवटांचा?

ओस्लोवासी: पाहुणे आले होते, म्हणून काल पुन्हा इथल्या, ओस्लोच्या फ्रोग्नर पार्कात चक्कर झाली. तिथला मोनोलिथ म्हणजे ग्रॅनाइटच्या एकाच शिळेतून कोरलेला स्तंभ. उंची १७.३ मीटर, आणि त्यावर १२१ उघडी माणसं एकमेकांना बिलगून वर चाललेली. पाहुण्यांनी विचारलं, "हे एकट्यानं कोरलं?" छे! नॉर्वेचा शिल्पकार गुस्ताव व्हिगेलंड, त्यानं १९२४-२५ मध्ये मातीत नमुना केला. दगडात तो उतरवला तीन कारागिरांनी, १९२९ ते १९४३. चौदा वर्षं! आणि नाव एकट्या व्हिगेलंडचं. मला हे पटत नाही. शिल्पकार चौघे म्हणा.

चष्मिष्ट: तास मोजून श्रेय वाटायचं तर फ्रेंच शिल्पकार रोदँचंही कठीण आहे, त्याची संगमरवरी कामंही बरीचशी सहायकांनीच कोरलेली. इथे तर शिळेच्या शेजारी पूर्ण मापाचा प्लास्टरचा नमुना उभा होता. कोण कुणाच्या खांद्यावर, कुठला हात कुठे, सगळं आधीच ठरलेलं. मापं घ्यायची आणि उतरवायची. मेहनत प्रचंड, मान्य. पण ठरवलं कुणी?

टाकीवाला: "मापं घ्यायची आणि उतरवायची" हे वाचून हसू आलं. आमचे आजोबा पाटे-वरवंटे घडवायचे. शिळा आणली की आधी हातोडीनं ठोकून ऐकायचे. आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर आत चीर आहे, ती शिळा बाजूला. माती चुकली तर आणखी थापता येते. दगडाचा टवका उडाला की उडाला. आजोबा तो पाटा सोडून दुसरा घ्यायचे. या तिघांनी काय करायचं होतं? एकशे सातव्या माणसाचं नाक उडालं म्हणून दुसरी शिळा मागवायची?

चष्मिष्ट: कसबाबद्दल वादच नाही हो. पण त्या तिघांच्या जागी दुसरे तिघे असते तरी मोनोलिथ असाच झाला असता. व्हिगेलंडच्या जागी दुसरा असता तर झाला असता का?

टाकीवाला: असाच झाला असता हे कशावरून?

वेरूळकर: मध्येच बोलतो. कैलास लेणं राष्ट्रकूट कृष्णराजाच्या नावावर आहे. नवव्या शतकातल्या बडोदा ताम्रपटात म्हटलंय की ते पाहून खुद्द करणाराच चकित झाला, हे आपल्या हातून झालं कसं म्हणून. राजाचं नाव आहे, पण त्या करणाऱ्याचं नाही. ओस्लोत निदान कलावंताचं नाव राहिलं, हीच प्रगती समजायची!

चष्मिष्ट: पण तो चकित झालेला माणूस स्थपती, म्हणजे आराखडा ठरवणारा असणार, टाकी मारणारा नव्हे. म्हणजे दाखला माझ्याच बाजूचा.

ओस्लोवासी: डोंगर वरून खाली खोदत आणायचा तर स्थपतीला रोज टाकीवाल्यांचं ऐकावंच लागलं असेल. व्हिगेलंड तर १९४३ च्या मार्चमध्ये गेला. पूर्ण झालेली बाग त्यानं पाहिलीच नाही.

टाकीवाला: ओस्लोवासी, पुढच्या वेळी जाल तेव्हा खालच्या माणसांच्या पाठींचे जवळून फोटो काढा. तीन हातांची टाकी एकसारखी पडत नाही. फरक दिसला तर बोलू.

चष्मिष्ट: आणि नाही दिसला तर? मग माझंच खरं.

टाकीवाला: नाही दिसला तर मी चौघांऐवजी त्या तिघांचीच नावं मागणार.