'उन्नयन' आणि 'सुधारणा' एकच का?

प्रश्न: सिंहस्थाच्या कामांमुळे नाशकात जिकडेतिकडे फलक लागलेत. एकावर 'रस्त्याचे उन्नयन' असं वाचलं. म्हणजे सुधारणाच ना? मग सरळ तसं का लिहीत नाहीत?

उत्तर: जवळचे शब्द आहेत, पण एक नव्हेत. उन्नयन म्हणजे वर नेणं: उद् + नी. 'उपनयन'मधला नी धातू तो हाच. 'उन्नती'त मात्र नम्, म्हणजे स्वतः वाकणं, कलणं हा धातू आहे. म्हणून उन्नती आपसूकही होते, उन्नयन कुणीतरी करावं लागतं. 'घराण्याची उन्नती झाली' म्हणतो, 'उन्नयन झालं' कुणी म्हणत नाही.

सुधारणेत आधी काहीतरी बिघडलेलं किंवा उणं असतं. 'पेशंटच्या तब्येतीत सुधारणा आहे' हे ऐकून नातेवाइकांना धीर येतो. तिथे 'पेशंटचं उन्नयन झालं' म्हणाल, तर वर नेलं असाच अर्थ घेतील!

माझ्या मते उन्नयन हा मराठी कारभारात हिंदीच्या वाटेने जास्त येतो. 2020 साली सुरू झालेल्या केंद्राच्या अन्नप्रक्रिया योजनेच्या हिंदी नावात 'उन्नयन' आहे. मराठीत मात्र ती 'प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना' झाली, आणि काही अडलं नाही. बियाणंही हिंदीत 'उन्नत', आपल्याकडे निफाड-दिंडोरीच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात 'सुधारित'.

शासकीय मराठीत याला स्वतःचे शब्द आहेत. ग्रामीण रुग्णालयाचं उपजिल्हा रुग्णालय झालं की 'श्रेणीवर्धन'. रस्त्याची 'दर्जोन्नती'. यात गंमत अशी की ग्रामीण मार्ग प्रमुख जिल्हा मार्ग झाला तरी दर्जोन्नतीच, मग डांबराला हातही लागलेला नसो. फलकावरच्या कामाला म्हणूनच नेमका शब्द हवा: खड्डे बुजवले तर दुरुस्ती, वरचा थर नवा टाकला तर नूतनीकरण, रुंद केला तर रुंदीकरण. हे सगळं झालं असेल तर 'सुधारणा' म्हणा. 'उन्नयन' प्रवचनात बरं वाटतं, मनाचं वगैरे.

प्रश्न: मग अर्थसंकल्पातले 'सुधारित अंदाज'? रक्कम तर कधीकधी घटलेली असते.

उत्तर: तिथे सुधारित म्हणजे नव्याने आकडे घालून मांडलेला. चांगला झाला असा दावा त्यात नाही. 'सुधारित वेळापत्रक'ही तसंच. त्यात गाडी तासभर उशिराची असू शकते.