मदत हवी आहे: घरी बांधलेल्या टिअरड्रॉप ट्रेलरला गंज आणि ओल. उघडू, की बाहेरून बुजवू?

मंडळी,

दोन वर्षांपूर्वी बाबांनी आणि मी मिळून एक टिअरड्रॉप ट्रेलर बांधला. थेंबाच्या आकाराचा, आत दोघं झोपतील एवढा, मागची डिकी उचलली की छोटा ओटा. खाली चौकोनी लोखंडी पाईपचा सांगाडा, त्यावर १२ मिमी प्लायची जमीन, भिंती आणि छतही प्लायचं, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा. वेल्डिंग बाबांचं, सुतारकाम माझं.

गेल्या आठवड्यात गादी उचलली तर खालून ओलसर, काळे ठिपके पडलेले. मागच्या डाव्या कोपऱ्यात दाभण टोचलं, ते भिजलेल्या पुठ्ठ्यात जावं तसं आत गेलं. मग ट्रेलरखाली शिरले. आडव्या पाईपच्या जोडांपाशी रंगाला फुगे आलेत, नखाने पोपडा काढला की आत तांबडी भुकटी. हातोडीने हलकं वाजवून पाहिलं: बाकीचे पाईप खणखणीत, मागचा आडवा पाईप मात्र बद्द वाजतो. या पाईपची दोन्ही टोकं आम्ही प्लास्टिकची बुचं ठोकून बंद केली होती, आत पाणी जाऊ नये म्हणून.

काय काय लावलं होतं तेही सांगते. लोखंडाला रेड ऑक्साईडचा एक हात आणि वर एनॅमलचे दोन. प्लायला खालून डांबरी रंग. प्लायच्या कडा कोऱ्याच राहिल्या, कारण वरून पट्टी येणार होती. पत्र्याचे सांधे सिलिकॉनने भरले. स्क्रू सगळे स्टेनलेस, पत्र्यातून थेट प्लायमध्ये. ट्रेलर उघड्यावर असतो, ताडपत्रीखाली.

बाबांचं म्हणणं, सांध्यांवर आणखी सिलिकॉन मारू, खालून रबरी कोटिंग करू, सुटलो. मला भीती वाटते की आतली ओल आपण आतच कोंडू. हा ट्रेलर बाबांनी निवृत्तीनंतर हौसेनं केलेलं पहिलं मोठं काम आहे. तो उघडा पाडायचा तर नीट कारण हवं. ज्यांनी असं काही दुरुस्त केलंय त्यांनी कृपया सांगा: पाणी नेमकं कुठून येतंय हे कसं ओळखायचं, आणि सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १

आधी तो बद्द वाजणारा पाईप. बाकी काही ठरवण्याआधी त्याच्या सर्वांत खालच्या जागी ८ मिमीचं भोक पाडा. बंद पाईप कधी पूर्ण बंद नसतो. दिवसा तापतो तेव्हा हवा बाहेर जाते, रात्री गार झाला की वेल्डिंगच्या बारीक छिद्रांतून आणि बोल्टच्या भोकांतून दमट हवा नि पाणी आत ओढलं जातं. आत आलेल्याला परत जायला वाट नसते. बुचं काढून टाका, भोकं कायमची ठेवा, पाईप आतून पूर्ण वाळला की लांब नळीने पोकळीत मारायचं मेण फवारा.

बाहेरून सुटा गंज पांढऱ्या लोखंडापर्यंत घासा. घट्ट चिकटलेल्या पातळ गंजावर रस्ट कन्व्हर्टर (गंजाला टणक थरात बदलणारं रसायन) काम करतं, पापुद्र्यांवर नाही. मग एपॉक्सी किंवा जस्तयुक्त प्रायमर आणि वर रंग. गंजावर रबरी कोटिंग अजिबात नको. ते एका जागी सुटलं की त्याच्यामागे पाणी साचतं आणि वरून काहीच दिसत नाही.

पुढेमागे सांगाडा सुटा करून गॅल्व्हनायझिंगला, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवायला, दिलात तर प्रत्येक पाईपला भोकं आहेत ना हे आधी बघा. जस्ताची कढई ४५० अंशांच्या आसपास असते. बंद पाईपमधलं पाणी तिथे वाफ होऊन पाईप फोडतं, माणसं भाजतात.

प्रतिसाद २

मी लाकडी होड्या दुरुस्त करतो, म्हणून प्लायबद्दल. बाबांना सांगा, नवं सिलिकॉन जुन्या सिलिकॉनला धरत नाही, रंगही धरत नाही. ते सगळं खरवडून काढावं लागेल. शिवाय आंबूस वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसेटिक आम्ल सोडतं, ते धातूजवळ नकोच. सांध्यात बुटाइल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी, घाला. ती वर्षानुवर्षं मऊ राहते आणि रस्त्यावरच्या हादऱ्यांनी सांधा हलला तरी सोबत हलते.

मऊ झालेला प्लाय वाचत नाही. दाभण घट्ट लागेल तिथून पुढे हातभर कापा आणि नवा तुकडा बसवा. मरीन प्लायमधला गोंद पाण्याला दाद देत नाही, पण लाकूड शेवटी लाकूडच, ओलं राहिलं की कुजतं. आणि पाणी पितात त्या कडा. कोऱ्या कडांवर पातळ एपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारं राळ) शोषेल तितकं पाजा, मग आणखी दोन हात. सुकल्यावर पृष्ठभाग तेलकट लागला तर पाण्याने धुऊन घासा, नाहीतर पुढचा थर पकडणार नाही. एपॉक्सीला ऊन सोसत नाही, त्यावर रंग हवाच.

स्क्रूचं प्रत्येक भोक मोठं पाडायचं, भुकटी घालून दाट केलेल्या एपॉक्सीने भरायचं, सुकल्यावर मधोमध पुन्हा पाडायचं. कंटाळवाणं काम आहे, पण स्क्रू मग लाकडाला शिवतच नाही. पत्रा सांगाड्याला टेकतो तिथेही मध्ये बुटाइल घाला. ॲल्युमिनियम आणि लोखंड ओलाव्यात एकत्र राहिले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

प्रतिसाद ३

गादीखालची ओल गळतीची नसेलही. दोघं बंद ट्रेलरमध्ये झोपले तर रात्रभरात श्वासाचं आणि घामाचं मिळून काही पेले पाणी हवेत जातं, आणि गादीखालचा गार प्लाय ते पकडतो. गादीखाली फटींची जाळी टाका, वर पंखा आणि खाली झरोका उघडा ठेवा. ताडपत्री पत्र्याला चिकटू देऊ नका.

गळती शोधायला एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाईपने पाणी सोडायचं. खालून सुरुवात करून इंच इंच वर. वरून सुरू केलंत तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच कळत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल भोक पाडलं. गढूळ तांबडं पाणी बाहेर आलं, तांब्याभर तरी असेल. बाबा बराच वेळ त्या धारेकडे बघत उभे राहिले, मग स्वतःच म्हणाले, पत्रा काढू.

पाण्याची परीक्षाही केली, मी आत, बाबा बाहेर. दारं कोरडी, छत कोरडं. डिकीच्या बिजागरीवर पाणी आलं आणि चौथ्या मिनिटाला डाव्या टोकाच्या शेवटच्या स्क्रूखाली थेंब जमला. तिथून भिंतीच्या आतून थेट त्या मऊ कोपऱ्यात ओघळ येतो. गादीखालचा मधला भाग मात्र कोरडाच राहिला, म्हणजे ती ओल आमच्या श्वासाचीच असणार.

शनिवारी बिजागरी काढतो आहोत. आता एक विचारायचं आहे: मागच्या आडव्या पाईपमधून स्क्रूड्रायव्हर आरपार गेला, तो बदलावाच लागेल. प्लाय न काढता तिथे वेल्डिंग करणं धोक्याचं वाटतं. नवा पाईप प्लेट लावून बोल्टने जोडला तर चालेल का, की मागची जमीन काढून वेल्डिंगच करावं?