मदत हवी आहे: बालीतल्या मेदेवी गावात घर बांधून राहायचंय – जमिनीचे कागद, कमाई आणि गावातलं जगणं

नमस्कार मंडळी,

मी मूळची गुहागर तालुक्यातली. बरीच वर्षं दुबईत एका हॉटेलच्या हिशेब खात्यात आहे. नवरा बालीचा, इथेच किचनमध्ये काम करतो. लग्न त्याच्या गावी तिथल्या हिंदू पद्धतीनं झालं, नोंदणीही तिथलीच. मुलगा पहिलीत आहे. आता दुबई आवरून सासरी कायमचं राहायला जायचं चाललंय. इंडोनेशियात राहिलेलं, तिथे लग्न केलेलं किंवा तिथला जमिनीचा कायदा जवळून पाहिलेलं कुणी असेल तर कृपया सविस्तर लिहा.

गाव मेदेवी, जेम्ब्राना जिल्हा, बालीचा पश्चिम भाग. बाली म्हटलं की जे फोटो डोळ्यांसमोर येतात ते इथले नाहीत. वाळू काळी, आणि ओहोटीला गुळगुळीत काळे गोटे उघडे पडतात, त्यावरून अनवाणी चालणं कठीण. या गोट्यांवरूनच एक लांबलचक लाट फुटत येते, तिच्यासाठी सर्फिंगवाले येतात. बाकी किनाऱ्याला मासेमारांच्या होड्या, मागे भातशेती आणि माड, वर डोंगराकडे लवंग आणि कोको. मधून देनपासार–गिलिमानुक हमरस्ता जातो. जावाहून फेरीनं उतरलेले सगळे ट्रक याच रस्त्यानं, रात्रंदिवस.

सासरचं थोडं लवंगेचं रान आहे. काढणीच्या दिवसांत दारासमोर ताडपत्री अंथरून कळ्या वाळत घालतात. मेमे (सासूबाई) येता-जाता त्या हातानं सारख्या करतात आणि मधेच एखादी उचलून बोटांत मोडून बघतात. कट्कन तुटली की वाळली, नुसती वाकली तर अजून ऊन हवं. मला तिथलं हे सगळं आवडतं. आपल्याकडचे माड-पोफळीचे दिवस मी जगले आहे, त्यामुळे गावात करमेल का ही शंका मला नाही. प्रश्न आहे तो कागदांचा.

सासऱ्यांच्या (बापांच्या) नावावर घराची जागा आहे आणि तिला हाक मिलिकचं सर्टिफिकेट आहे, म्हणजे पूर्ण मालकी. आवारात कुळाचं देऊळ आहे, दीर-जाऊ तिथेच राहतात. आमच्यासाठी मागच्या बाजूला बांधायला बापा एका पायावर तयार आहेत. दुसरी गोष्ट अशी, की लागूनच समुद्राच्या बाजूला चुलत सासऱ्यांची आठ आर जागा विकाऊ आहे. (तिथे जमीन आरमध्येच मोजतात, आपल्या सातबाऱ्यावर असतो तोच आर, जवळपास एक गुंठा.) आमची बहुतेक शिल्लक तिथे घालून सर्फिंगवाल्यांसाठी चार-पाच खोल्या काढायच्या, असा नवऱ्याचा विचार. या जागेचं सर्टिफिकेट मात्र नाही. जुना 'पिपिल' आहे, म्हणजे शेतसाऱ्याचा कागद.

माझ्या माहितीप्रमाणे तिथल्या 1960 च्या जमीन कायद्यानुसार हाक मिलिक फक्त इंडोनेशियन नागरिकालाच मिळतं. मी भारतीय पासपोर्टवर आहे आणि आमचा लग्नाआधी मालमत्तेचा करार झालेला नाही. त्यामुळे लग्नानंतर नवऱ्यानं घेतलेली जमीन आमची सामायिक धरतात, आणि मग ती त्याच्याही नावावर नीट होत नाही, असं वाचलंय. गावातल्या एका दलालानं तोडगा सुचवला, "धाकट्या भावाच्या नावावर घ्या, आपसांत एक चिठ्ठी करून ठेवा." दीर अगदी भला माणूस आहे. पण मी कोकणात वाढलेली आहे. एका सातबाऱ्यावर वीस नावं आणि त्या वीस घरांत बोलणं बंद, हे मी पाहिलंय. भल्या माणसांचीच घरं होती ती.

शिवाय गावात सगळे म्हणतात, आत्ता घ्या, गिलिमानुक–मेंग्वी टोलरस्ता होणार आहे, मग भाव हाताला लागणार नाहीत. 2022 च्या सप्टेंबरात आमच्याच पेकुतातान भागात त्याचं भूमिपूजन झालं. पुढे काम अडलं. आमच्याकडे मुंबई–गोवा हायवेच्या आशेवर लोकांनी कशा जमिनी घेतल्या आणि किती वर्षं वाट पाहिली ते आठवतं आणि पाय मागे येतो.

तर मला हवंय ते असं. ही आठ आर जागा घ्यावी का, आणि घ्यायची तर कशी, की उद्या नवऱ्याला काही झालं तरी मुलगा आणि मी उघड्यावर पडणार नाही? खोल्यांवर तिथे खरंच पोट भरतं का? आणि सगळ्यांत अवघड गोष्ट, बापांकडे कागदाचा विषय काढायचा कसा? त्यांच्या दृष्टीनं मी घरची सून आहे, घर माझंच आहे. कागद मागितला तर विश्वास नाही असा अर्थ निघेल, आणि तसं मला मुळीच नकोय.

प्रतिसाद – सुराबायाकर

ताई, मी सुराबायाला नोकरीत आहे, बायको जावानीज. तुमच्याच वाटेनं गेलोय, म्हणून जरा लांब लिहितो.

पहिलं, दिराच्या नावाचा तोडगा मनातून काढून टाका. परदेशी माणसाकडे आडवाटेनं जमीन जाईल असा व्यवहार त्याच 1960 च्या कायद्याच्या कलम 26 प्रमाणे रद्दबातल आहे. जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. आपसांतली चिठ्ठी कोर्टात दाखवली तर ती तुमच्याच विरुद्ध पुरावा होईल.

दुसरं, तुमचा रस्ता बंद नाही. पूर्वी करार लग्नाआधीच करावा लागायचा. एका इंडोनेशियन बाईंना, नवरा जपानी म्हणून, फ्लॅट नाकारला गेला. त्या घटना न्यायालयात गेल्या आणि 2016 च्या ऑक्टोबरात निकाल लागला की लग्न चालू असतानाही मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार करता येतो. नोटरीपुढे करार करा, तो लग्नाच्या नोंदीवर चढवून घ्या आणि त्यानंतरच नवऱ्यानं स्वतःच्या नावावर जमीन घ्यावी. हा क्रम उलटा होऊ देऊ नका. आधी जमीन आणि मग करार केलात तर आधीच्या खरेदीवर प्रश्न राहतो.

बापांची जागा वेगळ्या खात्यात येते. तिथल्या 1974 च्या विवाह कायद्यात वारशानं किंवा बक्षीस म्हणून मिळालेली मालमत्ता ज्याची त्याचीच राहते, सामायिक होत नाही. म्हणजे बापांनी 'हिबाह' केली, आपल्याकडचं बक्षीसपत्र, तर तुमच्या नागरिकत्वाची अडचण येत नाही. ते बक्षीसपत्र पीपॅटपुढेच व्हायला हवं. पीपॅट म्हणजे जमिनीचे दस्त करणारा अधिकारी, बहुतेकदा तोच नोटरीही असतो. दिराची संमती त्याच वेळी सहीनिशी घ्या.

पिपिलबद्दल सावध. 2021 च्या सरकारी नियमानं अशा जुन्या कागदांना पाच वर्षांत नोंदणी करून घ्यायला सांगितलं होतं, ती मुदत 2026 च्या फेब्रुवारीची. त्यानंतर तो कागद मालकीचा पुरावा धरत नाहीत, नुसता मागमूस म्हणून चालतो. तेव्हा चुलत सासऱ्यांनी आधी भूमी कार्यालयातून, म्हणजे बेपेएनमधून, स्वतःच्या नावानं सर्टिफिकेट काढावं. खर्च हवा तर तुम्ही द्या, पण व्यवहार त्यानंतर. खरेदीत घेणाऱ्याला 5 टक्के आणि विकणाऱ्याला अडीच टक्के कर असतो. दस्तात किंमत कमी दाखवू म्हणतील, ऐकू नका.

आता कटू भाग. करार केलात की ती जमीन नवऱ्याची, तुमची नाही. त्याच्या माघारी वारसा म्हणून तुमच्याकडे आली तरी परदेशी नागरिकाला ती एका वर्षात दुसऱ्याला द्यावी लागते. म्हणून मुलाच्या नावे मृत्युपत्र आत्ताच करा आणि पालक म्हणून तुमचं नाव त्यात घाला. मुलाचं नागरिकत्व इंडोनेशियन ठेवलंय ना? भारताला दुहेरी चालत नाही, पण आई भारतीय असल्यानं त्याला ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्यांना मिळणारं कार्ड, मिळू शकतं.

प्रतिसाद – बंदरावरचा

मी बंदरांच्या कामात आहे, जमिनीच्या कायद्यातलं कळत नाही, पाण्याचं सांगतो. "समुद्राच्या बाजूला" म्हणालात, म्हणजे भरतीच्या सर्वांत वरच्या रेषेपासून किती? तिथे किमान 100 मीटर पट्टा मोकळा ठेवायचा नियम आहे. 2025 च्या जुलैत बालीच्या बिंगिन किनाऱ्यावरची खाणावळी-होमस्टेची डझनावारी बांधकामं सरकारनं पाडली, वर्षानुवर्षं चाललेला धंदा होता तो.

जेम्ब्रानाचा किनारा खचतोय, हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. नेगाराजवळच्या (जेम्ब्रानाचं जिल्ह्याचं ठिकाण) पेबुआहानला घरं गिळलीत समुद्रानं. नदीचंही पाहा: 2022 च्या ऑक्टोबरात शेजारच्या मेंदोयो भागात बिलुक पोह नदीला असा पूर आला की ओंडक्यांनी पूल अडून हमरस्ताच बंद पडला. आणि दक्षिणेला समुद्रतळाशी जावा खंदक आहे, तिथे मोठे भूकंप होतात. 1994 च्या जूनमध्ये पूर्व जावातल्या बान्युवांगीच्या किनाऱ्यावर त्सुनामीनं दोनशेहून जास्त माणसं गेली, ती जागा तुमच्यापासून समुद्रापलीकडे फार लांब नाही. राहतं घर रस्त्याच्या वरच्या अंगाला बांधा. खाली असेल ते जाऊ शकतं असं धरून चाला.

प्रतिसाद – माहेरवाशीण

मी इटलीत दिलेली, सासर शेतकरी. कागदाचा विषय सुनेनं काढूच नये. नवऱ्यानं वडिलांपुढे काढावा, तोही "नातवाच्या नावानं काहीतरी करून ठेवू" असा. आजोबा नातवासाठी ज्या कागदावर आनंदानं सही करतात तोच कागद सुनेनं मागितला तर दुखावतात. तुम्ही त्या वेळी तिथे असा, पण बोलू नका.

बाकी गावकीचं काम किती असतं तेही लिहा ना. बंजार म्हणतात ना त्याला?

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. सुराबायाकर, तुमचा क्रम नवऱ्याला वाचून दाखवला, त्यानं लिहून घेतला. मुलाचा पासपोर्ट इंडोनेशियनच आहे.

माहेरवाशीण, हो, बंजार. आपल्या गावकीसारखंच, फक्त कितीतरी घट्ट. देवळाचा उत्सव, कुणाकडे मयत, कुणाकडे कानशीनं दात सपाट करायचा विधी, सगळीकडे घरटी माणूस द्यावं लागतं, बायकांना नैवेद्याच्या ताटल्या विणायला बसावं लागतं. नोकरी सांभाळून हे करणाऱ्या जावेची ओढाताण मी पाहिली आहे. पण त्याच बंजारनं मेमेंच्या आजारपणात सांगायच्या आत गाडी आणून नेगाराच्या सरकारी दवाखान्यात पोचवलं होतं. मोठं दुखणं निघालं तर देनपासारच, आणि ट्रकांच्या रांगेत ते सत्तरेक किलोमीटर तीन तासही खातात. मुलाच्या दृष्टीनं मला हीच भीती सगळ्यांत मोठी वाटते.

बंदरावरचे दादा, तुमचं वाचून नवऱ्यानं भावाला फोन करून मापं घ्यायला लावली. आठ आरमधला खालचा जवळपास अर्धा भाग त्या 100 मीटरच्या आत येतो. म्हणजे तिथे खोल्या नाहीत, हे ठरलं. चुलत सासऱ्यांना तसं स्पष्ट सांगणार आहोत. वरचा तुकडा त्यांनी सर्टिफिकेट काढून वेगळा दिला तर बघू, नाहीतर नाही.

आता आमचं बोलणं असं चाललंय, की शिल्लक जमिनीत न अडकवता बापांच्या आवारात राहतं घर आणि सुरुवातीला दोनच खोल्या. बालीचं किमान वेतन 2025 मध्ये महिन्याला साधारण 30 लाख रुपिया, म्हणजे आपले पंधरा-सोळा हजार. त्यामुळे गावात नोकरी करून काही उरणार नाही हे उघड आहे. नवऱ्याला स्वयंपाक येतो, मला हिशेब येतो, लवंग थोडी आहे. सर्फिंगचा हंगाम कोरड्या महिन्यांत असतो, पावसाळ्यात खोल्या रिकाम्या राहतील असं धरूनच आकडे मांडलेत. टोलरस्ता त्या हिशेबात कुठेच धरलेला नाही.

एक गोष्ट अजून अडलीय. नवऱ्याच्या हमीवर मिळणाऱ्या राहण्याच्या परवान्यावर, म्हणजे किटासवर, कुटुंबाच्या पोटापाण्यासाठी काम करता येतं असं 2011 च्या इमिग्रेशन कायद्यात आहे. पण घरच्या खोल्यांचे हिशेब बघणं, पाहुण्यांचं बुकिंग घेणं हे त्यात बसतं का, आणि नोंदणी नवऱ्याच्या नावानं असली की पुरतं का? प्रत्यक्ष असं करणारं कुणी असेल तर लिहा. आणि सुराबायाकर, नेगारा किंवा देनपासारला मिश्र लग्नाचे करार नेहमी करणारा नोटरी तुमच्या ओळखीत असेल तर व्यक्तिगत निरोप पाठवा. पुढच्या सुट्टीत गावी जाणार आहोत, तेव्हा करार आणि मृत्युपत्र दोन्ही एकाच फेरीत उरकायचंय.