राष्ट्रीय फुटबॉल संघाची उमेद: सहायक प्रशिक्षकाच्या हातात नेमकं किती असतं?

सूरसागर_काठ (धागा सुरू करणारा)

२०२३ चा सॅफ चषक, म्हणजे दक्षिण आशियाई देशांची फुटबॉल स्पर्धा, आठवा. बंगळुरूच्या कंठीरवा स्टेडियमवर पाकिस्तानविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात आपले मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमॅच यांनी समोरच्या खेळाडूच्या हातातला चेंडू उडवला आणि लाल कार्ड ओढवून घेतलं. पुढे कुवेतविरुद्धच्या साखळी सामन्यात पुन्हा लाल कार्ड. त्यामुळे नेपाळविरुद्धचा सामना, लेबनॉनविरुद्धची उपांत्य लढत आणि कुवेतविरुद्धचा अंतिम सामना, तिन्ही वेळी मैदानाच्या कडेला सहायक प्रशिक्षक महेश गवळी उभे होते. गोव्याचे, डेम्पोकडून बरीच वर्षं खेळलेले बचावपटू. तिन्ही सामने आपण जिंकले, त्यातले दोन शूटआऊटवर.

अंतिम सामन्यात पहिला गोल कुवेतचा होता. छांगटेने बरोबरी केली. शूटआऊटमध्ये उदांता सिंहची किक वाया गेली, तरी त्याच्यामागून आलेले सुभाशिष बोस आणि नाओरेम महेश डगमगले नाहीत. शेवटी आपला गोलरक्षक गुरप्रीतने कुवेतच्या कर्णधाराची पेनल्टी अडवली. मुख्य प्रशिक्षक डगआऊटमध्ये नसताना पोरं एवढी स्थिर राहिली, याची चर्चा आपल्याकडे फारच कमी झाली असं मला वाटतं.

माझं म्हणणं सरळ आहे. संघाचं मन सांभाळणं मुख्य प्रशिक्षकाला पूर्ण जमत नाही, कारण संघ तोच निवडतो. जो उद्या आपलं नाव कापू शकतो त्याच्यापुढे कोण कबूल करेल की गुडघा अजून दुखतोय, किंवा मागच्या चुकीपासून चेंडू पायात आला की छातीत धडधडतं? घरात वडिलांपासून लपवलेली गोष्ट काकाला आधी कळते, तसा सहायक असावा. आणि तो तसा राहावा म्हणून निवडीच्या बैठकीत त्याला मतच नसावं.

वेळेचं गणितही बघा. फिफाच्या एका विंडोत, म्हणजे राष्ट्रीय सामन्यांसाठी राखलेल्या काळात, नऊ दिवसांत दोन सामने. पोरं क्लबांकडून दमून येतात. त्यात मुख्य प्रशिक्षक डावपेच बसवणार की एकेकाशी बोलणार? २३ जणांतले ११ खेळतात, पाच बदली उतरतात, उरलेले सात त्या सामन्यात मैदानात पायही ठेवत नाहीत. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी खेळलेल्यांना हलका व्यायाम असतो आणि न खेळलेल्यांचा कडक सराव होतो. हा दुसरा सराव बहुतेक ठिकाणी सहायक घेतो. संघाची तब्येत मला तिथे दिसते. बाकावर बसलेली पोरं तिथे जीव तोडून पळत असतील तर संघ ठीक आहे. पाय ओढत असतील तर अकरा जणांना कितीही भाषणं द्या, सत्तराव्या मिनिटाला उतरणारा माणूस आधीच खचलेला असतो.

अण्णा_दांडियाबाजार

धागा चांगला काढलास, पण मला पटलं नाही. उमेद वरून खाली येते.

१९६२ चं जकार्ता घे. आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना, समोर दक्षिण कोरिया, आणि अख्खं स्टेडियम भारताच्या विरोधात ओरडत होतं. जर्नैल सिंगच्या डोक्याला टाके पडलेले. प्रशिक्षक रहीमसाहेबांनी त्या बचावपटूला पुढे आघाडीला खेळवलं आणि त्याने गोल केला. त्याआधीचा पहिला गोल पी. के. बॅनर्जींचा. २-१, सुवर्णपदक. रहीमसाहेब तेव्हा कर्करोगाने आजारी होते, पुढच्याच वर्षी गेले. त्या पोरांना उभं करणारा माणूस मुख्य प्रशिक्षकच होता आणि संघही त्यांनीच निवडला होता.

नंतर हेच पी. के. स्वतः प्रशिक्षक झाले तेव्हा त्यांच्या ‘व्होकल टॉनिक’चा कलकत्त्यात केवढा दबदबा होता! ईस्ट बंगाल असो की मोहन बागान, पी. के. सामन्याआधी बोलले की पोरं पेटून मैदानात जायची. ज्याच्या शब्दाला निवडीचं वजन आहे त्याचंच बोलणं रक्तात उतरतं. जुम्मादादा व्यायाममंदिरात आम्ही मल्लखांब शिकलो तेव्हाही उस्तादांनी नुसतं ‘हं’ म्हटलं तरी आठवडाभर अंगात बळ राहायचं. तेच दुसऱ्या कुणी म्हटलं तर नाही.

मकरपुरा_१०

दोघांनाही विचारतो, सॅफनंतर काय झालं?

मुख्य प्रशिक्षक तेच आणि संघही जवळपास तोच. जानेवारी २०२४, कतारमधला आशियाई चषक. ऑस्ट्रेलियाकडून ०-२, उझबेकिस्तानकडून ०-३, सीरियाकडून ०-१. तीन सामन्यांत एकही गोल नाही. मार्चमध्ये गुवाहाटीत सुनील छेत्रीचा १५० वा सामना. त्याने पेनल्टीवर आघाडी मिळवून दिली आणि आपण घरच्या मैदानावर अफगाणिस्तानकडून १-२ हरलो. जुलै २०२३ मध्ये आपण क्रमवारीत ९९ वर होतो, दोन वर्षांनी १३३ वर.

सहायकामुळे उमेद येत असेल तर सहा महिन्यांत ती गेली कुठे? समोर लेबनॉन-कुवेत होते तेव्हा आली आणि समोर ऑस्ट्रेलिया आला तेव्हा गेली, इतकं साधं आहे. जिंकण्यातून मनोबल येतं, आणि जिंकणं लीगमधून, वयोगटांच्या स्पर्धांमधून, दर आठवड्याला मिळणाऱ्या खेळाच्या मिनिटांमधून येतं. २०२५ मध्ये आयएसएल या आपल्या मुख्य लीगच्या कराराचं भिजत घोंगडं पडलं, हंगाम लांबला, काही क्लबांनी पगार थांबवले. घरी हप्ता भरायचाय आणि पगार बंद आहे, अशा पोराला सहायकाने खांद्यावर हात ठेवून काय सांगायचं?

सूरसागरकाका, तुम्ही नवलखी मैदानावर पोरांना शिकवता, तुमचा जीव तुटतो हे दिसतं. पण असे धागे वाचले की फेडरेशनला सुटका मिळते असं मला मनापासून वाटतं.

कारेलीबागची_ताई

मी शाळेत खेळाची शिक्षिका आहे, मुलींचा चौदा वर्षांखालचा संघ घेते. इथे तिघेही पुरुषांच्याच संघाबद्दल बोलताय म्हणून लिहिते.

५ जुलै २०२५, चियांग माई. आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच घरी २-१ हरवलं. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. तेव्हा क्रमवारीत थायलंड ४६ वर, आपण ७०. पात्रता फेरी खेळून आशियाई चषकात जायची आपली ही पहिलीच वेळ. तेव्हा मुख्य प्रशिक्षक क्रिस्पिन छेत्री, सहायक प्रिया पी. व्ही. विजयाचं सगळं श्रेय सहायकाला द्या असं मी म्हणणार नाही, खेळल्या त्या मुली. पण मुलींच्या संघात बाई सहायक असणं किती मोठी गोष्ट आहे हे मला रोज दिसतं. पाळी आलीय, पोटात कळा आहेत, आज धावण्याचा व्यायाम जरा कमी करा, हे पुरुष प्रशिक्षकाला सांगायला चौदा वर्षांची मुलगी धजत नाही. ती गप्प राहते, खराब पळते, आळशी ठरते, आणि पुढच्या आठवड्यात यायची बंद होते. बडोद्यात अशा मुली मी पाहिल्यात.

अण्णा, उस्तादांचं ‘हं’ मला मान्य आहे. पण जिला ‘हं’ मिळालं नाही तिच्याशी कोण बोललं?

आणि मकरपुरा, पगाराचा मुद्दा शंभर टक्के खरा. तरी पगार सुरळीत असलेले संघही आतून मोडतात.

कोठी_रोड

मूळ लेखातली निवडीच्या बैठकीत मत नसण्याची कल्पना मला धोक्याची वाटते. कारण सांगतो.

२०१८ चा विश्वचषक. अर्जेंटिनाचा मुख्य प्रशिक्षक साम्पाओली. क्रोएशियाने ०-३ धुतलं, संघ आतून विस्कटलेला, पुढे फ्रान्सकडून ३-४ हरून घरी. त्या साम्पाओलीच्या सहायकांत कोण होता? लिओनेल स्कालोनी. म्हणजे हाच माणूस सहायक असताना ते ड्रेसिंग रूम सावरलं नाही आणि मुख्य झाल्यावर २०२१ ची कोपा अमेरिका आणि २०२२ चा विश्वचषक आला. माणूस तोच, फक्त अधिकार मिळाला. अण्णांच्या बाजूने याहून मोठा पुरावा कोणता?

दुसरं, खेळाडू सहायकाला मन मोकळं सांगतात आणि सहायक ते मुख्य प्रशिक्षकाला सांगत नाही, असं झालं तर संघात दोन चुली होतात. गुडघा दुखतोय हे सहायकाला माहीत आणि मुख्य प्रशिक्षक त्याच पोराला नव्वद मिनिटं खेळवतोय. पोराचा गुडघा गेला तर जबाबदार कोण?

सूरसागर_काठ

कोठी_रोड, स्कालोनीचं उदाहरण अर्धंच सांगितलंत. मुख्य झाल्यावर त्याने जवळ कुणाला घेतलं ते बघा: पाब्लो आयमार, वॉल्टर सॅम्युएल, रॉबर्टो आयाला. तिघेही अर्जेंटिनासाठी विश्वचषक खेळलेले आणि रिकाम्या हाताने परतलेले. त्यात आयमार म्हणजे मेस्सीचा लहानपणीचा आदर्श. कतारमध्ये सौदी अरेबियाकडून १-२ हरल्यावर मेक्सिकोविरुद्ध मेस्सीने गोल केला तेव्हा बाकावर आयमारला रडू आवरलं नाही, सगळ्या जगाने ते पाहिलं. ज्याने सहायकाच्या जागेवरून एक संघ फुटताना पाहिला होता, त्यानेच सहायक इतके निवडून घेतले. मला तरी त्यातून त्या पदाची किंमतच दिसते.

गुडघ्याचं मात्र तुमचं बरोबर आहे. दुखापत डॉक्टरांना आणि मुख्य प्रशिक्षकाला कळलीच पाहिजे, त्यात गुप्तता नको. मी बोलतोय ते भीतीबद्दल. घरच्या काळजीबद्दल. मणिपूरचा, मिझोरमचा, केरळचा, पंजाबचा पोरगा एका खोलीत, प्रशिक्षक परदेशी, बैठक इंग्रजीत, आणि अर्धं कळलं नाही हे सांगायची लाज. हे कुणाच्या तरी कानावर पडायला हवं.

मकरपुरा, फेडरेशनला मी सोडत नाही. पण तुझ्या हिशेबाने लीग सुधारेपर्यंत राष्ट्रीय संघाने वाट बघायची का? डेन्मार्क बघ. जून २०२१, युरो स्पर्धा, त्यांचा खेळाडू एरिक्सन मैदानात कोसळला. पहिले दोन्ही सामने ते हरले. मग रशियाला ४-१, वेल्सला ४-०, चेक संघाला २-१, थेट उपांत्य फेरी. मुख्य प्रशिक्षक ह्युलमंडचं नाव सगळे घेतात. त्याचा सहायक होता मॉर्टन वीघोर्स्ट, जो खेळाडू असताना २००० मध्ये गुइलेन बॅरे सिंड्रोम या नसांच्या आजाराने स्वतः अंथरुणाला खिळला होता. धडधाकट शरीर एका दिवसात दगा देतं म्हणजे काय, हे त्या संघासोबत असलेल्या एका माणसाला अनुभवाने ठाऊक होतं. असा माणूस अशा वेळी जवळ असणं मी तरी फुकट म्हणणार नाही.

मकरपुरा_१०

डेन्मार्कच्या पोरांना युरोपातल्या मोठ्या लीगमध्ये दर आठवड्याला खेळायला मिळतं, काका. पाया पक्का असला की मायेचा हात कामाला येतो.

आपल्याकडचं ताजं उदाहरण देतो. ऑगस्ट २०२५ मध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून खालिद जमील आले. कॅम्पला मोजके दिवस, सगळे खेळाडू मिळालेही नाहीत. तरी मध्य आशियाई फुटबॉलच्या काफा स्पर्धेत ताजिकिस्तानला त्यांच्या घरी २-१ हरवलं, ओमानला शूटआऊटवर हरवून तिसरे आलो. संघात केवढी हवा भरली! आणि ऑक्टोबरात मडगावला सिंगापूरविरुद्ध छांगटेने आघाडी दिली असताना १-२ हरलो, आशियाई चषक २०२७ हातचा गेला. सॅफनंतर झालं तेच पुन्हा. हवा कुणीही भरली तरी टिकत नाही, म्हणून मी पायाबद्दल बोलतोय.

कारेलीबागची_ताई

टिकत का नाही, तेच तर विचारायला हवं ना! विजयानंतर पोरं क्लबांकडे जातात आणि पुढच्या कॅम्पपर्यंत त्यांच्याशी राष्ट्रीय संघातलं कोण बोलतं? मनोलो मार्केझ २०२४ मध्ये नेमले गेले तेव्हा सोबत एफसी गोवा हा क्लबही सांभाळत होते. आठ सामन्यांत एकच विजय, तोही मालदीवविरुद्ध. मुख्य प्रशिक्षक दोन घोड्यांवर बसलेला असेल तर निदान सहायक बारा महिन्यांचा, पूर्णवेळ, पगारी हवा. त्याने क्लबांच्या सरावाला जावं, जखमी पोराला फोन करावा, कॅम्पमधून वगळलेल्याला का वगळलं ते तोंडावर सांगावं. वगळलेल्या मुलीला मी स्वतः घरी जाऊन सांगते. तेवढ्याने त्यातल्या बऱ्याच जणी पुढच्या मोसमात परत येतात.

अण्णा_दांडियाबाजार

हे मला पटलं, पूर्णवेळ सहायक. ताई म्हणते तसा फोन करणारा माणूस आमच्या वेळी नव्हता, आणि त्यापायी चांगले मल्ल घरी बसले.

पण निवडीत मत नको, हे अजूनही मान्य नाही. उदांताची किक हुकल्यावर सुभाशिष पुढे आला, कारण गवळी त्या रात्री पूर्ण अधिकाराने उभे होते. बदली कोण आणि कधी, हे त्यांच्या हातात होतं. तू ज्या सामन्यावरून धागा काढलास तो सामनाच तुझ्या विरुद्ध साक्ष देतोय.

सूरसागर_काठ

अण्णा, अधिकार तीन सामन्यांचा होता. विश्वास त्याआधीच्या कॅम्पांमध्ये जमलेला होता, आणि तेव्हा गवळींच्या हातात कुणाचंही नाव कापणं नव्हतं. उलट क्रमाने हे झालं असतं, म्हणजे कुणी नवा माणूस त्याच दिवशी पूर्ण अधिकार घेऊन डगआऊटमध्ये आला असता, तर हुकलेल्या किकनंतर पोरांनी त्याच्याकडे बघितलं असतं का?

कोठी_रोड

बघितलं असतं. जमीलांकडे बघितलंच की, ओमानविरुद्ध, नेमणुकीला जेमतेम महिना झालेला असताना.

आता ताईंच्या पूर्णवेळ सहायकाबद्दल. तो फेडरेशनने नेमायचा असेल तर माझा ठाम विरोध. मुख्य प्रशिक्षक बदलला तरी सहायक तोच राहणार, सगळ्या खेळाडूंचं गुपित त्याच्यापाशी, आणि नवा प्रशिक्षक येईल तेव्हा ड्रेसिंग रूम आधीच दुसऱ्याचं. सहायक मुख्य प्रशिक्षकानेच निवडावा, त्याच्याबरोबर यावा आणि त्याच्याबरोबर जावा.

कारेलीबागची_ताई

मग दर दीड-दोन वर्षांनी खेळाडूंनी आपली भीती नव्या माणसाला पहिल्यापासून सांगायची? स्टिमॅच जून २०२४ मध्ये गेले, मार्केझ जुलै २०२५ मध्ये, ऑगस्टमध्ये जमील आले. चौदा महिन्यांत तीन प्रशिक्षक. माझ्या मुली तर एका मोसमात दुसऱ्या बाईंनाही काही सांगायला तयार होत नाहीत. फेडरेशननेच नेमावा, आणि बाई असेल तर मुलींच्या संघासाठी आधी नेमावा.