न्यूरोट्रान्समीटरला सोपा मराठी शब्द?

अबोली (डिचोली): नैराश्यावरचं एक पत्रक मराठीत करतेय. त्यात न्यूरोट्रान्समीटरला, म्हणजे मेंदूतल्या चेतापेशींमध्ये निरोप नेणाऱ्या रसायनाला, 'चेतापारेषक' घातला. आईला वाचून दाखवलं, तर सुपारी कातरायची थांबून म्हणते, "हें कितें गो, वीजखात्याचें?" सोपा शब्द सुचवा.

माडकर (फोंडा): बदलू नका. 'चेतापेशी' शाळेच्या पुस्तकात आहेच. वापरल्याशिवाय शब्द रुळत नाही.

चोडणवासी: मी रोज रायबंदरहून फेरीबोटीने घरी येतो, त्यावरून सुचलं. दोन चेतापेशींमधली फट म्हणजे नदी. सेरोटोनिन हे असंच एक निरोप्या रसायन; ते अलीकडून सुटतं, पलीकडच्या धक्क्याला लागतं, निरोप देतं; पेशीच्या आत शिरत नाही. मग पुष्कळसं अलीकडची पेशीच परत ओढून घेते. फ्लुओक्सेटीनसारखी नैराश्यावरची गोळी ही परतफेरी अडवते. आपल्याकडे होडीवाला तो तारी. 'निरोप्या तारी' म्हणा.

माडकर: तारी माणसं नेतो, निरोप नाही. शिवाय पुष्कळांचं ते आडनाव.

शंखपुष्पी (मडगाव): शब्दाआधी वाक्य तपासा. 'सेरोटोनिन कमी झालं की नैराश्य येतं' असं लिहिलंय का? माझा भाऊ असंच काही वाचून लॅबमध्ये गेला, "माझं सेरोटोनिन मोजा" म्हणत. रक्तातल्या आकड्यावरून मेंदूतलं कळत नाही. १९५०च्या दशकात टीबीवरच्या इप्रोनियाझिडने रुग्णांना हुरूप आला, सर्पगंधेतल्या रेसर्पिनने काही जण खचले. पहिलं औषध मेंदूतली अशी रसायनं वाढवतं, दुसरं घटवतं; त्यातून ही तुटीची कल्पना निघाली. पण गोळी काही तासांत परतफेरी अडवते आणि मन हलकं व्हायला आठवडे लागतात. नुसती तूट असती तर ती भरताच बरं वाटलं असतं. २०२२च्या एका मोठ्या आढाव्यातही तुटीचा सुसंगत पुरावा मिळाला नाही. तरी गोळ्यांनी अनेकांना बरं वाटतं, म्हणून 'डॉक्टरांना न विचारता थांबवू नका' हे ठळक छापा.

घुमट: मुळात 'नैराश्य'च चुकतं. निराशा नापास झाल्यावरही येते. 'विषाद' घ्या. विषाद, हिंदीतला अवसाद, दोन्ही 'सद्' धातूचे: बसणे, खचणे. 'प्रसन्न'सुद्धा त्यातलाच.

चोडणवासी: आजी म्हणायची, "आतून बसल्यासारखं झालंय." तोच अर्थ!

माडकर: विषाद अर्जुनाला झाला. तो आजार नव्हे.

अबोली: आईला 'विषाद' म्हटलं. घाबरून म्हणाली, "वीख कोणें घेतलें?"

घुमट: विषाचा काही संबंध नाही. वि अधिक सद्.

अबोली: पण वाचणाऱ्याला आधी विषच दिसणार, आणि या पत्रकात ते मला मुळीच नको. मग तू काय म्हणशील, असं तिलाच विचारलं. म्हणाली, "मनाक बरें ना."

माडकर: ती कोंकणी झाली.

चोडणवासी: आणि 'मनाला बरं नाही' हे मराठी नव्हे?