ऐरोली–वाशी खाडीतळ: मे आणि ऑक्टोबरच्या मोजणीत सगळीकडे ३० सेंमी फरक, गाळ की चूक?

चिखलपट्टी_ऐरोली
ऐरोली पूल ते वाशी पूल या पट्ट्यात ठाणे खाडीच्या तळाची मोजणी पावसाळ्याआधी आणि नंतर, अशी दोनदा झाली. पद्धत अमेरिकेत यूएसजीएस (तिथली सरकारी भूशास्त्र संस्था) मेक्सिकोच्या आखातातल्या शँडेलिअर, डॉफिन या वाळूच्या बेटांभोवती वापरते त्या धर्तीवर: लहान बोट, कडेला दांड्यावर २०० किलोहर्ट्झचा सिंगल बीम एको साउंडर (तळावरून परतणाऱ्या आवाजाच्या वेळेवरून खोली मोजणारं यंत्र), त्याच दांड्याच्या डोक्यावर आरटीके (सेंटीमीटरपर्यंत अचूक जीपीएस) अँटेना, किनाऱ्याला काटकोनात दर ५० मीटरवर रेषा. ध्वनिवेग दोन्ही वेळा १५०० मी/से ठेवला. भरतीची दुरुस्ती, म्हणजे मोजलेल्या खोलीतून त्या वेळची भरतीची उंची वजा करणं, अपोलो बंदरच्या छापील तक्त्यावरून. वजाबाकी केली तर चॅनेलमध्ये काय आणि चिखलावर काय, ऑक्टोबरमध्ये सगळीकडे २५ ते ३५ सेंमी उथळ दिसतंय. एका पावसाळ्यात एवढा गाळ बसतो का?

भांगाचं_पाणी
गाळ असा रंगाचा हात मारल्यासारखा सारखा बसत नाही. चॅनेलमध्ये ओढ असते, तिथे तळ खरवडला जातो. चिखलपट्टीवर पाणी मंदावतं, तिथे साचतो. दोन्हीकडे एकच आकडा आला की आधी मोजणीवर संशय घ्यायचा. एक चौरस किलोमीटरवर ३० सेंमी म्हणजे ३ लाख घनमीटर, म्हणजे १० घनमीटरच्या डंपरने तीस हजार खेपा. तेवढा माल आला कुठून, हेही कुणीतरी विचारणारच.

प्रत्येक चुकीची ओळख वेगळी असते. अँटेनापासून किंवा पाण्याच्या पातळीपासून ट्रान्सड्यूसरचं (साउंडरचं आवाज सोडणारं, पाण्यातलं टोक) अंतर चुकलं, तर फरक सगळ्या खोलीत सारखा. ध्वनिवेग चुकला, तर खोलीबरोबर वाढतो. जीपीएस आणि साउंडरच्या वेळेत तफावत असेल, तर सपाट तळावर काही दिसत नाही, पण उतारावर जाणाऱ्या आणि येणाऱ्या रेषांची समोच्च रेषा करवतीच्या दात्यांसारखी होते. ५ नॉट म्हणजे साधारण २.६ मी/से, अर्ध्या सेकंदाच्या उशिराने दोन रेषांत अडीच मीटरची सरक येते. भरतीची चूक मात्र जागेवर अवलंबून नसते, घड्याळावर असते. म्हणून फरकाचा नकाशा बघू नका, फरक वेळेनुसार मांडून बघा.

आणि ध्वनिवेगाचा आकडा. मे महिन्यात खाडीचं पाणी खारट आणि ३० अंशांच्या आसपास असतं, म्हणजे वेग १५४५ च्या जवळ. १५०० धरल्यामुळे ८ मीटरला सुमारे २४ सेंमी उथळ वाचन येतं. पावसाळ्यानंतर खारटपणा कमी, वेगही कमी, त्यामुळे ही चूक थोडी घटते. म्हणजे ऑक्टोबर उलट खोल दिसायला हवा होता. तुमचा फरक यातून आलेला नाही, पण ही दुरुस्ती करावीच लागेल.

दोन्ही वेळा बोट भरतीत होती की ओहोटीत?

चिखलपट्टी_ऐरोली
मेमध्ये बहुतेक रेषा ओहोटीत, ऑक्टोबरमध्ये भरतीत. पण तक्ता दोन्ही वेळा त्या-त्या दिवसाचाच वापरला आहे.

भांगाचं_पाणी
मग गाठ तिथेच आहे. भरतीची लाट अपोलो बंदराहून ऐरोलीपर्यंत यायला वेळ घेते आणि खाडी वर अरुंद होत जाते म्हणून तिची उंचीही तीच राहत नाही. उधाणाला साडेचार मीटरचा चढउतार सहा तासांत होतो. मधल्या तासात पाणी तासाला सव्वा मीटरच्या आसपास चढतं. दहा मिनिटांचा उशीर म्हणजे २० सेंमी. भरतीत तक्ता पुढे धावतो, त्यामुळे तळ खोटा उथळ. ओहोटीत तक्ता आधी उतरतो, त्यामुळे तळ खोटा खोल. मे ओहोटीत, ऑक्टोबर भरतीत, म्हणजे दोन्ही चुका एकाच दिशेला जमा. शिवाय छापील तक्ता हा अंदाज असतो, वारा आणि हवेचा दाब त्यात नसतो.

मेक्सिकोच्या आखातात हे का खपतं, तर तिथे भरती-ओहोटीचा फरक मीटरभरही नसतो आणि एलिप्सॉइडवरून (जीपीएस उंची ज्यावरून मोजतो तो पृथ्वीचा गणिती आकार) भरतीच्या पातळीवर उतरायला व्हीडेटम नावाचं तयार साधन आहे. आपल्याकडे ते काम स्वतः करायचं.

दांडी_आणि_बार
बोटीवर आरटीके होतं, मग तक्ता कशाला? अँटेनाची उंची वजा अँटेना ते ट्रान्सड्यूसर अंतर वजा मोजलेली खोली, म्हणजे तळाची एलिप्सॉइड उंची. भरती त्यातून आपोआप वगळली जाते, बोट माणसांच्या वजनाने खाली बसली तरी फरक पडत नाही. जुन्या फाइलींत उंची नोंदलेली असेल तर दोन्ही मोजण्या आजही सुधारता येतील. फक्त ‘फिक्स’ असलेल्या, म्हणजे आरटीकेचं गणित पक्कं सुटलेल्या नोंदी घ्या. ‘फ्लोट’ मध्ये, म्हणजे ते अर्धवट सुटलेलं असताना, उंची सहज २०-३० सेंमी हलते, म्हणजे हीच चूक दुसऱ्या दाराने आत. वाशीच्या पुलांखाली आकाश झाकलं जातं, तो भाग सरळ वगळा.

तळाची उंची चार्ट डेटमवर (सागरी नकाशातल्या खोलीचं ठरलेलं शून्य) आणायला जेट्टीवर भरतीची पट्टी लावा, तिचं शून्य लेव्हलने बेंचमार्कला (उंची ठरलेली पक्की खूण) जोडा, आणि त्याच बेंचमार्कवर जीएनएसएस (जीपीएससारखा उपग्रह रिसीव्हर) निदान दोन तास बसवा. इथे एलिप्सॉइड आणि समुद्रपातळीत साठ मीटरहून जास्त फरक आहे, ती गफलत लगेच उघडी पडते. पंधरा-वीस सेंमीची पडत नाही.

साउंडरचं वाचन पडताळायला रोज सकाळी बार चेक: तारेवर खुणा केलेली लोखंडी पट्टी ट्रान्सड्यूसरखाली २, ४, ६ मीटरला. ओढ थांबली असेल तेव्हाच. वाहत्या पाण्यात तार तिरपी होते आणि वाचन चुकतं. शेवटी दोन-तीन रेषा खाडीच्या लांबीने आडव्या मारा आणि छेदनबिंदूंवरचा फरक तपासा. प्रत्येक मोजणीची अनिश्चितता ±१५ सेंमी असेल तर वजाबाकीची ±२१ येते. त्याखालचा फरक नकाशावर रंगवू नये. दोन्ही वेळा एखादी न बदलणारी जागाही मोजा, जेट्टीच्या पायथ्याचं काँक्रीट चालेल. तिथे फरक शून्य आला तरच पुढे जायचं.

२०० किलोहर्ट्झ पातळ चिखलाच्या वरच्या थरावरूनच परततो. उधाणाला ढवळलेला चिखल चॅनेलच्या खोलगट भागात साचतो, तिथे ३३ किलोहर्ट्झ खालचा घट्ट थर दाखवेल. दोन्ही फ्रिक्वेन्सी नोंदवा, पण दोन मोजण्यांची तुलना करताना एकच धरा.

पाऊणपट
वेळ ठरवायला कोळ्यांचा हिशोब पुरतो: तिथीची पाऊणपट, तोच भरतीचा तास. अमावास्येला, पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे मुंबईची मोठी भरती दुपारच्या सुमाराला. ऐरोलीला त्याहून उशिरा. त्या दिवशी भरतीच्या आगेमागे दोन तास चिखलपट्टीवर बोट नेता येते. बहुतेक साउंडरना अर्धा-पाऊण मीटर पाणी लागतंच. डोलजाळ्यांच्या (ओढीत खुंटांना बांधून ठेवलेली जाळी) खुंटांची चौकशी आधी गावात करा, पंख्यात जाळं अडकलं तर दिवस गेला आणि भरपाई वेगळी.

उघडी पडणारी पट्टी ड्रोनने घ्यायची तर उधाणाचा दिवस नको, पूर्ण ओहोटी सकाळी सहाच्या सुमाराला पडते आणि उजेड कमी असतो. दोन-तीन दिवसांनी ती साडेसात-आठला येते. जमिनीवरच्या खुणा चिखलात खचतात, त्या खोल रोवलेल्या बांबूवर बांधा. नोव्हेंबर ते मे रोहित (फ्लेमिंगो) असतात आणि अभयारण्याचा भाग येतो, त्यामुळे वन विभागाच्या कांदळवन कक्षाची परवानगी आधी घ्या. विमानतळामुळे डिजिटल स्कायचा (ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारं सरकारी संकेतस्थळ) नकाशाही बघा. लेझर लावलेलं विमान किंवा उपग्रहाची चित्रं यांच्या नादी लागू नका, या गढूळ पाण्यात हिरवा लेझरही तळापर्यंत पोचत नाही.