अनुभव धागा: बातमी सांगायला तुम्ही कसे शिकलात?

माझ्या भाचीने बी.ए. झाल्यावर टीव्ही पत्रकारितेत जायचं ठरवलंय. परवा तिने विचारलं, "मामा, तिथे नेमकं काय शिकवतात हो?" मी तासभर बोललो, पण माझं शिक्षण 2007 चं. त्या एकाच वर्षात झी 24 तास आणि स्टार माझा सुरू झाले होते. माणसं हवी होती, म्हणून वर्तमानपत्रातून आम्हाला उचललं आणि कामावरच शिकवलं. आता हातातला फोनच कॅमेरा झालाय. म्हणून हा धागा. रेडिओ, टीव्ही, वेब, सगळ्यांनी लिहा. सुरुवात मी करतो.

माझी पहिली स्क्रिप्ट अशी होती: "अवकाळी पावसामुळे जिल्ह्यातील 1,237 हेक्टरवरील पिकांचे नुकसान झाल्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांनी दिली." आमच्या बुलेटिन प्रोड्युसर बाईंनी ती मला मोठ्याने वाचायला लावली. मध्येच दम लागला. त्या म्हणाल्या, "हे डोळ्यांसाठी लिहिलंयस. कानाला मागे जाऊन परत वाचता येत नाही." मग लिहिलं, "अवकाळीने बाराशे हेक्टरवरची पिकं गेली." पुढे मी लिहिलं होतं, "शेतात पाणी साचलेलं दिसत आहे." तेही खोडलं. पाणी दिसतंच आहे, जे दिसत नाही ते लिही. रिपोर्टरला फोन केला, तेव्हा कळलं की त्या शेतकऱ्याने कापणीसाठी दुसऱ्या दिवशीची माणसं सांगून ठेवली होती. ते वाक्य व्हीओत, म्हणजे दृश्यांवर वाचल्या जाणाऱ्या निवेदनात, गेलं. आजही स्क्रिप्ट लिहिताना माझे ओठ हलत असतात.

सांगली, जिल्हा प्रतिनिधी

दादा, धागा चांगला काढलात. मी शिकलो 2019 च्या महापुरात. त्याआधी कोर्स केला होता, पीटीसी, म्हणजे कॅमेऱ्याकडे बघून बातमी सांगणं, पाठ होती. ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली, तेव्हा त्यातलं फार थोडं कामी आलं.

लाइट नाही, नेटवर्क येऊन जाऊन. मोटरसायकलच्या बॅटरीवर फोन चार्ज करायचा, वीस-वीस सेकंदांचे तुकडे काढायचे, एका दुमजली घराच्या गच्चीवर चढून एकेक पाठवायचा. मोठी फाइल अर्ध्यात तुटायची, म्हणून शूट करतानाच मनात एडिट करायला शिकलो. आधी रुंद शॉट, मग माणूस, मग बाईट, म्हणजे त्याचं बोलणं. तीन तुकडे गेले की बातमी उभी राहते.

तेव्हाच एक व्हिडिओ फिरत होता, रस्त्यावरून गाड्या वाहून जातायत. ऑफिसातल्या बातम्यांच्या डेस्कचा फोन आला, "हा तुमच्याकडचा ना? दुसऱ्यांनी चालवलाय." व्हिडिओ थांबवून दुकानाची पाटी मोठी करून पाहिली, तर अक्षरं मल्याळम. मी नाही म्हणून कळवलं. खोटं पकडायला दरवेळी मोठं सॉफ्टवेअर लागत नाही. पाट्या, गाड्यांचे नंबर, विजेचे खांब, लोकांची बोली, एवढं आधी बघायचं.

आणखी एक, जे अजून नीट सांगता येत नाही. 8 ऑगस्टला ब्रह्मनाळला बोट उलटली. काठावर एक मावशी बसल्या होत्या, हातात भिजलेली पिशवी घट्ट धरून. डेस्कवरून सारखं "बाईट घे" चाललं होतं. मी बूम माइक खाली ठेवला आणि शेजारी बसलो. पाचेक मिनिटांनी त्या आपणहून बोलल्या, पण मी रेकॉर्डिंग सुरू केलं नाही. नंतर ऑफिसकडून बोलणी खाल्ली. तरी आज तिथे असतो तर तेच केलं असतं.

आकाशवाणी, हंगामी वृत्तनिवेदक

सांगलीच्या भावाचं वाचून थांबले थोडा वेळ.

मी बीड जिल्ह्यातली. आमच्याकडे सर्रास "पानी", "लोनी" म्हणतात. आकाशवाणीसाठी इंग्रजीतून मराठी अनुवादाची लेखी परीक्षा होती, त्यात पास झाले. आवाज चाचणीत मात्र पहिल्यांदा अडकले. ण तर होताच, खरी परीक्षा च आणि ज यांची. चमच्यातला च वेगळा, चंद्रातला वेगळा. "जग" म्हणजे दुनिया आणि "जग" म्हणजे जगत राहा, लिहायला एकच, उच्चारायला दोन. "जागतिक बँक" आणि "जाळपोळ" एका बातमीत आले की जीभ घसरायची. वर्षभर रोज सकाळी पेपरचं पहिलं पान मोठ्याने वाचून फोनवर रेकॉर्ड केलं आणि तेच परत ऐकलं. स्वतःचा आवाज ऐकणं सुरुवातीला फार जड जातं, पण दुसरा उपाय मला माहीत नाही. दुसऱ्या चाचणीत निवड झाली.

आणि हे मुद्दाम सांगते: बोली टाकून देऊ नका. आता मी शेतीवर छोटे व्हिडिओही करते, ते माझ्या घरच्या भाषेत. बुलेटिनची भाषा बुलेटिनसाठी. दोन्ही आल्या पाहिजेत.

व्हिडिओ जर्नलिस्ट, नागपूर

थोडक्यात लिहितो. नवीन मुलांचा हात स्थिर राहत नाही, सगळीकडे कॅमेरा फिरवतात. एका शॉटवर मनात दहा आकडे मोजा, मग हला. आणि आवाज! मोर्च्याचं पॅकेज, म्हणजे दृश्यं, निवेदन आणि बाईट जोडून केलेली बातमी, घोषणांशिवाय मेलेलं असतं. हेडफोन लावल्याशिवाय बाईट घेऊ नका. वाऱ्यात गेलेला बाईट परत मिळत नाही.

पुणे, पत्रकारितेची विद्यार्थिनी

मी अजून शिकतेच आहे, तरी लिहिते. आम्हाला एकच बातमी तीनदा करावी लागते: दीड मिनिटाचं आडवं पॅकेज, चाळीस सेकंदांचा उभा व्हिडिओ सबटायटलसकट, आणि वेबसाठी मजकूर. उभ्या व्हिडिओत पहिल्या तीन सेकंदांत माणूस थांबला नाही तर गेला. त्या घाईत संदर्भ सुटतो याची मला खरंच काळजी वाटते.

इंटर्नशिपमध्ये माझ्या हातून एक चूक होता होता राहिली. लहान मुलीवरच्या अत्याचाराची बातमी होती. मी चेहरा ब्लर केला होता, नाव घेतलं नव्हतं. सरांनी फ्रेम थांबवली. मागे गल्लीच्या तोंडाशी शाळेचा बोर्ड स्पष्ट दिसत होता. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरोधातला कायदा, त्याच्या कलम 23 नुसार नाव, फोटो, पत्ता, शाळा, शेजार, ज्याने ओळख पटेल ते काहीच दाखवता येत नाही. कलम मला परीक्षेला पाठ होतं, फ्रेममध्ये ते दिसलं नव्हतं. सरांनी वेळेवर पाहिलं नसतं तर त्या मुलीचं काय झालं असतं, हा विचार अजून येतो.

एक प्रश्न मोठ्यांना. 26 मे 2024 ला दूरदर्शनच्या डीडी किसान वाहिनीवर क्रिश आणि भूमी हे एआय निवेदक आले. घरचे विचारतात, मग तुला कोण ठेवणार? काय सांगू?

मूळ धागाकर्ता

बाळ, एआय निवेदक दिलेली स्क्रिप्ट वाचतो. ती पाटी मल्याळम आहे हे फोन करून कळवणारा माणूस सांगलीत होता, आणि शाळेचा बोर्ड तुझ्या सरांना दिसला. घरी एवढं सांग. पगाराची चिंता मात्र खरी आहे, ती मी खोडून काढणार नाही. पहिली दोन वर्षं बिनपगारी किंवा तुटपुंज्यावर राबवून घेणाऱ्या जागा मी पाहिल्यात. रुजू होण्याआधी कामाचे तास आणि मानधन लेखी मागा. त्यात लाज कसली?

भाचीला हा धागा काल दाखवला. रात्री तिने दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग पाठवलं, पेपरचं पहिलं पान. "जाळपोळ" चुकलीय. मी फोन करून तीन वेळा म्हणून घेतली. बाकीचे अनुभव येऊ द्या.